बीपी लो, ताप नाही, आणि आई सुस्त पडलीय

"बाबांचं बीपी जरा लो आहे. मीठ-साखरेचं पाणी दिलंय, पडून राहा म्हटलंय." सत्तरीपुढचे आईवडील असलेल्या घरात हे वाक्य कधी ना कधी बोललं जातंच. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. ऑक्टोबरचं ऊन, दोन-चार जुलाब, उपास, नाहीतर न जेवता घेतलेली बीपीची गोळी. पण काही वेळा त्या लो बीपीमागे अंगात पसरलेलं इन्फेक्शन असतं, आणि मग मीठ-साखरेच्या पाण्यात गेलेले पाच-सहा तास नंतर आयसीयूत लाखो रुपये ओतूनही परत मिळत नाहीत. घरातल्या माणसांनी हा फरक कसा ओळखायचा आणि ओळखल्यावर काय करायचं, तेवढंच इथे लिहितोय.

इन्फेक्शन फुप्फुसात असो, लघवीच्या मार्गात असो की पायाच्या जखमेत, त्याच्याशी लढताना शरीराचा प्रतिसाद बेताल झाला आणि त्यात आपल्याच अवयवांना इजा होऊ लागली, की त्याला सेप्सिस म्हणतात. २०१६ पासून जगभर याच अर्थाने हा शब्द वापरला जातो. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपतं, म्हणून प्रेशर पडतं. किडनी, मेंदू, आतडी यांना पुरेसं रक्त मिळत नाही. हे बीपी पाणी पिऊन वर येत नाही, कारण मूळ दुखणं पाणी कमी पडण्याचं नाही.

आता आकड्यांकडे येऊ. "लो" म्हणजे किती? ९० च्या खाली म्हणजे लो, हे सगळ्यांना पाठ असतं. वयस्कर माणसात हा हिशेब फसवतो. ज्या बाबांचं बीपी गेली दहा वर्षं गोळ्या घेऊनही १५०/८५ च्या आसपास असतं, त्यांचं आज १०८/६० आलं तर मशीनवर ते छान दिसतं. शेजारची काकूही म्हणते, "अगं, नॉर्मल तर आहे." पण वरचा आकडा नेहमीपेक्षा ४० ने खाली आला, तर तो त्यांच्यासाठी लोच. म्हणून आईवडिलांचं बरं असतानाचं बीपी घरात लिहून ठेवलेलं हवं. महिन्यातून दोनदा, सकाळी गोळीच्या आधी, दोन्ही हातांवर. दोन हातांत फरक येत असेल तर जास्त आकडा येणारा हात कायमचा धरायचा.

खालच्या आकड्याकडे कुणी बघत नाही, आणि सेप्सिसमध्ये बऱ्याचदा आधी तोच घसरतो. ११०/४५ असं काही आलं तर वरच्या ११० वर समाधान मानू नका. डॉक्टर मंडळी सरासरी दाब काढतात: खालचा आकडा दोनदा घ्यायचा, त्यात वरचा मिळवायचा आणि तिनाने भागायचं. ९०/५० चा होतो ६३. ही सरासरी ६५ च्या खाली गेली की अवयवांना रक्त कमी पडण्याचा धोका सुरू होतो. आयसीयूतलं औषधपाणीही ६५ हेच लक्ष्य धरून चालतं.

मशीनही चुकतं. पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधू नका. हात छातीच्या पातळीत, उशीवर टेकलेला हवा. दंड फार बारीक असेल तर मोठा पट्टा आकडा कमी दाखवतो, जाड दंडाला छोटा पट्टा जास्त दाखवतो. ज्यांच्या नाडीचे ठोके अनियमित पडतात त्यांच्यात ऑटोमॅटिक मशीन दर वेळी वेगळाच आकडा देतं, म्हणून एकेका मिनिटाने तीनदा मोजून सरासरी धरा. आणि एक लक्षात ठेवा. मशीन पुन्हापुन्हा एरर दाखवत असेल आणि पेशंट गळून गेलेला असेल, तर सेल बदलत बसू नका. फार पडलेलं प्रेशर मशीनला पकडताच येत नाही, अशी शक्यता धरून चाला. ऑक्सिमीटरचंही तसंच. बोटं गार पडली की त्यावर आकडाच येत नाही.

नुसतं लो बीपी आणि इन्फेक्शनचं लो बीपी यांतला फरक बाकीच्या खुणांत सापडतो.

पहिली खूण ताप, आणि इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. म्हाताऱ्या माणसाला गंभीर इन्फेक्शनमध्येही ताप येईलच असं नाही. ज्यांचं अंग एरवी ९७ डिग्री असतं त्यांना ९९.५ म्हणजे चांगला ताप झाला. नेहमीपेक्षा दोन डिग्री फॅरनहाइटची वाढ, किंवा तोंडात एकदाही १०० च्या वर, हे पुरेसं समजा. ९६.८ च्या खाली उतरलेलं अंग तर तापापेक्षा वाईट. डिजिटल थर्मामीटर जिभेखाली नीट धरून मोजा. कपाळाला हात लावून "गार आहे" म्हणण्याला काही अर्थ नाही. पॅरासिटामॉल दिलं असेल तर किती वाजता दिलं ते लिहा, कारण उतरलेला ताप पुढे डॉक्टरांनाही फसवतो. हुडहुडी भरून दात वाजत असतील तर थर्मामीटर काही म्हणो, ती खूण मोठी आहे.

दुसरी खूण डोकं. काल संध्याकाळी मालिकेतल्या सुनेवर टीका करणारी आई आज सकाळी चहा समोर ठेवला तरी बघत नाही, नुसती पडून आहे. काही जण असंबद्ध बोलतात, रात्री उठून गावी निघायला लागतात. ते लगेच लक्षात येतं. पण जास्त घातक आहे ती शांत ग्लानी. हाक मारली की "हं" म्हणायचं आणि परत डोळे मिटायचे. "रात्री झोप झाली नसेल, झोपू दे" म्हणून दुपार निघून जाते. एक-दोन दिवसांत डोक्यात झालेला असा बदल म्हातारपणामुळे होत नसतो. ज्यांना आधीपासून स्मृतिभ्रंश आहे त्यांच्या बाबतीत रोज सांभाळणाऱ्या माणसाचा शब्द प्रमाण माना. ती मावशी म्हणत असेल की आजी आज वेगळ्या वाटतायत, तर त्या वेगळ्या आहेत. याच वेळी ग्लुकोमीटर असेल तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर ग्लानीचं कारण तेही असू शकतं, आणि इन्फेक्शनमध्ये साखर दोन्हीकडे जाते.

तिसरी खूण श्वास. माझ्या मते घरी बघण्याजोगी सगळ्यात भरवशाची हीच, आणि सगळ्यात कमी बघितली जाणारीही. पेशंटला सांगू नका, नाहीतर श्वास बदलतो. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवा आणि नजर पोटावर ठेवा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक. पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की तीन-चार श्वासांची चूक सहज होते, आणि इथे तेवढ्यावरच निर्णय अवलंबून असतो. शांत पडलेल्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० चालतात. २२ किंवा जास्त आले आणि सोबत ग्लानी किंवा वरचं बीपी १०० च्या आत असेल, तर घरी थांबायचं नाही. २५ च्या पुढे श्वास एकटाच पुरेसा आहे, बाकी काही जुळण्याची वाट बघू नका.

नाडी मोजताना गोळ्यांची आठवण ठेवा. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल यांसारख्या नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी इन्फेक्शनमध्येही बऱ्याचदा फारशी वाढत नाही. इतरांच्यात नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्यापेक्षा मोठा झाला, म्हणजे बीपी ९६ आणि नाडी ११२ असं काही, तर ही अवस्था गंभीर आहे.

त्वचा आणि लघवी. बोटाचं नख पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं झालेलं नख तीन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. गुडघ्यांवर जाळीसारखे निळसर-जांभळे डाग दिसत असतील तर रक्ताभिसरण कोसळू लागलंय. सावळ्या कातडीवर हे पटकन दिसत नाही, तिथे ओठ, जीभ आणि तळहात बघा. मात्र हात गरम आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका, सेप्सिसच्या सुरुवातीला हात बऱ्याचदा गरमच असतात. लघवीचा हिशेब असा: किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली. सहा तासांत १८० मिलीही नाही झाली तर किडनीला रक्त पुरत नाहीये. डायपर असेल तर किचनच्या काट्यावर कोरडा आणि ओला तोलून बघा. एक ग्रॅमचा फरक म्हणजे साधारण एक मिली लघवी. सकाळपासून डायपर कोरडा आहे याचा आनंद मानणारी घरं असतात, म्हणून हे सांगतोय.

इन्फेक्शन कुठून आलं असेल हे शोधायचं काम डॉक्टरांचं, पण घरातल्या माणसाने सांगितलेल्या दोन गोष्टी तपासण्यांचे तास वाचवतात. खोकला, कफ, जेवताना ठसका. लघवीला आग, उन्हाळे लागणं, युरिन कॅथेटर कधी बदललंय. उजव्या बरगडीखाली दुखणं आणि डोळे पिवळे. कमरेच्या माकडहाडाशी बेडसोअर आहे का, डायबेटिस असेल तर पायाच्या बोटांच्या बेचक्यात काही आहे का. पायमोजे काढून बघा, प्रत्येक बोट वेगळं करून. पेशंटला कुशीवर वळवून पाठ बघा. चादरीखाली झाकलेली जखम कॅज्युअल्टीतल्या घाईत निसटू शकते.

एक सावधगिरी. वयस्कर बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात, कॅथेटर असलेल्यांच्या तर जवळपास नेहमीच. लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स (पुवाच्या पेशी) दिसले की "युरिन इन्फेक्शन आहे" म्हणून सगळे थांबतात, आणि खरा न्यूमोनिया किंवा पित्ताशयातला पू मागे राहतो. त्या रिपोर्टवर विसंबून बाकीचा शोध थांबवू देऊ नका.

मुंबईत जून ते ऑक्टोबरमध्ये या यादीत तीन नावं वाढतात. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाला काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत ठणका, लाल डोळे आणि लघवी कमी असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारं इन्फेक्शन). अशा पाण्यातून आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते ते याचसाठी. डेंग्यूत बीपी पडतं ते बऱ्याचदा ताप उतरताना, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप गेला म्हणून घरचे सुटकेचा श्वास सोडतात तेव्हाच. तिसरा मलेरिया. या तिन्हींचं औषधपाणी वेगळं आहे, म्हणून "परवा पाण्यातून चालत आले होते" हे वाक्य कॅज्युअल्टीत न विसरता सांगा.

घरी काय करायचं, काय नाही

आडवं झोपवा आणि पायांखाली दोन उश्या द्या. धाप लागली असेल तर मात्र पाठ उंच ठेवा, सपाट झोपवू नका. उलटी होत असेल किंवा ग्लानी असेल तर डाव्या कुशीवर. माणूस पूर्ण शुद्धीत असेल, हातात पेला धरून स्वतः पीत असेल, तर ओआरएसचे घोट द्यायला हरकत नाही. गुंगीत असलेल्याच्या तोंडात चमच्याने पाणी, कॉफी, ग्लुकोज काहीही घालू नका. ते घशातून फुप्फुसात जातं आणि असलेल्या इन्फेक्शनवर न्यूमोनियाची भर पडते.

डब्यात उरलेली अँटिबायोटिकची पट्टी काढू नका. दोन गोळ्यांनी सेप्सिस बरा होत नाही. पण रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत) जंतू उगवणं मात्र बंद होऊ शकतं आणि मग पुढचं सगळं औषध अंदाजाने द्यावं लागतं. ताप उतरवायला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मागू नका. रक्तपुरवठा कमी झालेल्या किडनीला ते परवडत नाही.

घरी सलाईन लावण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. फॅमिली डॉक्टरांना घरी बोलावायचं, खिडकीच्या गजाला बाटली टांगायची आणि "एक बाटली जाऊ दे, संध्याकाळी बघू." साध्या जुलाबात हे चालून जातं. इन्फेक्शनच्या लो बीपीत त्या एका बाटलीने बीपी तासभर ८८ वरून १०० वर येतं, सगळ्यांना बरं वाटतं, आणि आतलं काम चालूच राहतं. लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारा पदार्थ) बघितलेलं नाही, कल्चर घेतलेलं नाही, योग्य अँटिबायोटिक गेलेलं नाही. फॅमिली डॉक्टरांना फोन जरूर करा. घरी यायचा आग्रह धरण्यापेक्षा हॉस्पिटल ठरवून घ्या, आणि जुन्या आजारांचं चार ओळींचं पत्र व्हॉट्सॲपवर मागा.

रोजच्या गोळ्यांचं काय? बीपी पडलेलं असताना आजची बीपीची गोळी देऊ नका: अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी टॉर्सेमाइड, प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन. उलट्या-जुलाब किंवा जेवण बंद असेल तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन जातीच्या गोळ्याही थांबवायच्या असतात. या दुसऱ्या जातीत साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, आणि साखर ठीक दिसते म्हणून ते ओळखायला उशीर होतो. इन्शुलिन आणि मेटोप्रोलोलसारख्या गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी महिनोन् महिने प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांची गोष्ट याच्या अगदी उलट. त्यांचं शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायला विसरलेलं असतं. इन्फेक्शनमध्ये गोळी चुकली किंवा उलटीत पडली, तर निव्वळ त्यामुळेही बीपी कोसळतं. "प्रेडनिसोलोन चालू आहे" हे वाक्य कॅज्युअल्टीत पहिल्या मिनिटाला सांगायचं.

खाली उतरवणं आणि हॉस्पिटल गाठणं

१०८ ची ॲम्ब्युलन्स फुकट आहे. फोनवर "म्हातारं माणूस, अर्धवट शुद्धीत, बीपी ८५, धाप आहे" असं एका दमात सांगा. नुसतं "बीपी लो" म्हणालात तर समोरच्याला गांभीर्य कळणार नाही. जवळच्या हॉस्पिटलची किंवा खाजगी कार्डिॲक ॲम्ब्युलन्स आधी पोहोचणार असेल तर ती घ्या. टॅक्सीत बसवून न्यायची वेळ आली तर मागच्या सीटवर आडवं झोपवा. पडलेल्या बीपीत माणसाला ताठ बसवलं की मेंदूला मिळणारं उरलंसुरलं रक्तही कमी होतं.

जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, चाळीत लिफ्टच नसते. हातांची मजबूत खुर्ची, छातीभोवती आणि मांड्यांवरून एकेक चादर बांधलेली, पेशंटची पाठ किंचित मागे झुकवून, दोन माणसं वर आणि दोन खाली. पेशंटचे पाय पुढे, तोंड उतरण्याच्या दिशेने. चालवत नेऊ नका. "दोनच मजले, हळूहळू उतरतील" म्हणताना जिन्यातच शुद्ध जाते. वॉचमनला फोन करून गेटसमोरच्या गाड्या हलवायला सांगणं हे ॲम्ब्युलन्सच्या फोननंतरचं लगेचचं काम.

हॉस्पिटल निवडताना नाव बघू नका. चोवीस तास कॅज्युअल्टी, रिकामा आयसीयू बेड, रात्री सोनोग्राफी किंवा सीटी, आणि डायलिसिसची सोय या चार गोष्टी फोनवर विचारा. केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत गर्दी प्रचंड असते, पण गंभीर पेशंटला कॅज्युअल्टीत उपचार सुरू होतात. उपनगरातल्या लहान नर्सिंग होममध्ये आयसीयू नसेल आणि मोठं हॉस्पिटल अर्ध्या तासावर असेल, तर सरळ मोठ्याकडे जा. संध्याकाळी हायवे तुंबलेला असेल आणि दीड तास लागणार असेल, तर जवळच्या ठिकाणी कल्चर, पहिलं अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू करून पुढे हलवणं शहाणपणाचं. फक्त तिथून निघताना काय, किती वाजता दिलं ते कागदावर लिहून घ्या.

खर्चाबद्दल थोडक्यात. ७० वर्षांवरच्यांसाठी आयुष्मान कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळतं, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ते आणि महात्मा फुले योजना कोणत्या हॉस्पिटलात चालते ते आधीच बघून ठेवा, तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी सोशल वर्करला गाठा, आणि बिल झाल्यावर नाही, ॲडमिशनच्याच दिवशी.

कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर "सेप्सिस तर नाही ना?" असा थेट प्रश्न विचारा. ही डॉक्टरला शिकवणी नव्हे. नेहमीचं बीपी काय, आजचं काय, ग्लानी कधीपासून, लघवी शेवटची कधी, हे तुम्हीच सांगू शकता.

पुढच्या तीन तासांत काय व्हायला हवं ते माहीत असलं की घाबरायला कमी होतं. रक्तातलं लॅक्टेट बघतात. दोनच्या वर असेल तर पेशींपर्यंत ऑक्सिजन नीट पोहोचत नसल्याची शंका धरतात. अँटिबायोटिकच्या आधी कल्चरसाठी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घेतात, एकेका बाटलीत ८ ते १० मिली. "एवढं रक्त कशाला काढता?" म्हणून नातेवाईक नर्सवर चिडतात. रक्त कमी घेतलं तर जंतू सापडण्याची शक्यता कमी होते, म्हणून घेऊ द्या. शॉकची (बीपी पडून अवयवांना रक्त न पुरण्याची) लक्षणं असतील तर शिरेतलं अँटिबायोटिक पहिल्या तासात जायला हवं, त्यासाठी रिपोर्टची वाट बघायची नसते. पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या तरी वयस्कर माणसात इन्फेक्शन नाकारता येत नाही.

सलाईनचं पहिलं माप किलोमागे ३० मिली, म्हणजे ६० किलोला साधारण १८०० मिली, तीन तासांत. हार्ट किंवा किडनीचा पेशंट असेल तर डॉक्टर २५०-२५० मिली देऊन दर वेळी छाती तपासून पुढे जातात. जुना इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आणि शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) फाइलमध्ये सगळ्यात वर का ठेवायचं, ते इथे कळतं. एवढ्या पाण्यानेही सरासरी ६५ ला येत नसेल तर नॉरॲड्रेनालिन हे रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध सुरू होतं. ते गळ्याच्या मोठ्या शिरेतून देणं बरं, पण तिथली नळी (सेंट्रल लाइन) टाकेपर्यंत हाताच्या चांगल्या शिरेतून सुरू करता येतं. लाइनसाठी औषध अडवून ठेवायचं नसतं.

आयसीयूबाहेर नातेवाईक रोज विचारतात, "बीपी किती आहे?" तो प्रश्न अपुरा आहे. औषधाच्या जोरावर ११० ठेवता येतं. विचारा: "नॉरॲड किती चाललंय, काल किती होतं?" पंपावरचा आकडा तासाला किती मिली एवढंच सांगतो. कालचं मिश्रण साधं आणि आजचं दुप्पट तीव्रतेचं असेल तर ८ वरून ५ वर आलेला आकडा प्रत्यक्षात वाढलेला डोस असतो. म्हणून किलोमागे मिनिटाला किती मायक्रोग्रॅम ते विचारा. तो कमी होत असेल, लघवी तासाला ३० च्या वर असेल आणि लॅक्टेट उतरत असेल, तर दिशा बरोबर आहे.

आणखी एक विचारायचंच: पू कुठे अडकलाय का? लघवीच्या नळीत खडा अडकून वर पू साठला असेल तर स्टेंट (आत ठेवायची बारीक नळी), पित्तनळी तुंबली असेल तर दुर्बिणीने ती मोकळी करणं, पायात पू असेल तर तो कापून काढणं. "तब्येत जरा सुधारू दे, मग ऑपरेशनचं बघू" हे घरच्यांना साहजिक वाटतं. इथे क्रम उलटा आहे. अडकलेला पू बाहेर पडेपर्यंत तब्येत सुधारत नाही, आणि कुठलंही महागडं अँटिबायोटिक त्या पुवात नीट शिरत नाही. म्हणून सह्या करताना अर्धा दिवस घालवू नका.

अँटिबायोटिकबद्दल: आपल्याकडे जंतू बऱ्याच साध्या औषधांना दाद देत नाहीत, म्हणून सुरुवात मेरोपेनेमसारख्या जड औषधाने होते. ४८ ते ७२ तासांत कल्चरचा रिपोर्ट आला की ते हलक्यावर आणता येईल का, हे विचारा. औषध हलकं केलं म्हणजे खर्च वाचवला किंवा दुर्लक्ष केलं असं होत नाही.

आयसीयूत म्हाताऱ्या माणसांची बडबड, हातातल्या नळ्या ओढणं हे खूप दिसतं. चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी आत पाठवा. भेटीच्या दहा मिनिटांत रडू नका. आज वार कोणता, बाहेर पाऊस आहे, नातू शाळेत गेलाय असं साधं बोला. याने खरंच फरक पडतो.

व्हेंटिलेटर, डायलिसिस याबद्दल पहाटे तीनला एकट्या भावाला फोनवर निर्णय घ्यावा लागू नये. आईवडिलांशी बरं असतानाच बोलून ठेवावं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. ज्यांची आधीपासूनच सगळं करून घ्यायची इच्छा आहे, त्यांचीही ती इच्छा लिहिलेली असावी.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे पुन्हा ॲडमिट व्हावं लागण्याचा धोका असतो. सगळ्यात जास्त चूक होते ती बीपीच्या गोळ्यांत. डिस्चार्ज कार्डावर त्या बंद आहेत आणि घरच्या डब्यात जुना आठवडा भरलेला आहे. घरी आल्या दिवशीच डबा रिकामा करा आणि नव्या कागदावरून भरा. बीपी सकाळी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने पडत असेल तर गोळी वाढवायची घाई नको, आणि बाथरूमला एकटं जाऊ देऊ नका. महिनाभराने बीपी परत १५० कडे जाऊ लागलं की गोळ्या एकेक करून, कमी डोसने सुरू होतात. फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची) डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. रात्री कवळी काढून धुऊन ठेवा आणि जेवताना पेशंटला ताठ बसवा. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं होऊ देऊ नका.